हा शब्दच नाहीये

"मामा, हा शब्दच नाहीये."

गेल्या वर्षीचा जुलै. राजापूर तालुक्यातलं आमचं घर, ओटीवरचा झोपाळा, आणि तीन दिवस न थांबलेला पाऊस. माझी भाची सई सुट्टीला न्यू जर्सीहून आली होती. वय तेरा. तिकडे रविवारच्या मराठी शाळेत जाते, त्यामुळे अक्षरओळख पक्की, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी पहिल्या गिअरवर. फोनला रेंज नव्हती म्हणून नाइलाजाने तिने माझा ई-रीडर घेतला होता. त्यात मी विकिस्रोतावरून उतरवलेलं एक जुनं पुस्तक होतं. वाचता वाचता ती 'वळचणीला' या शब्दाशी अडली. तिने सवयीने त्यावर बोट दाबून धरलं. शब्द काळा झाला, खाली चौकट उघडली, आणि चौकटीत यंत्राने सांगितलं की काही सापडलं नाही. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिने मान वर करून मला ते वाक्य ऐकवलं. या शब्दाचा अर्थ काय, असं नाही विचारलं. पुस्तकात छापायची चूक झाली असावी आणि ती आपल्याला सापडली, असा काहीसा तिचा सूर होता.

तिच्या पाठीमागे, दोन हातांवर, वळचण गळत होती.

आत आई फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. तिने तिथूनच उत्तर दिलं, "अगं, पागोळ्या पडतात ना, ती वळचण." सई म्हणाली, "आजी, पागोळ्या म्हणजे?" आई म्हणाली, "वळचणीवरून पडतात त्या." मला हसू आवरेना. एक शब्द बघायला जावं तर तो दुसऱ्याकडे धाडतो आणि दुसरा पुन्हा पहिल्याकडे, ही जाड्या कोशांची खोड आमच्या स्वयंपाकघरातही होती तर. शेवटी आई हात पुसत बाहेर आली, सईचं मनगट धरलं आणि तिचा तळहात थेट कौलांच्या कडेखाली नेला. गार पाण्याची धार हातावर पडल्यावर पोरगी किंचाळली. अर्थ पोचला. पण माझ्या डोक्यात तिचं आधीचं वाक्यच घोळत राहिलं. यंत्राला माहीत नाही म्हणजे शब्दच नाही. तिचं तरी काय चुकलं? तिच्या इंग्रजी पुस्तकात कुठल्याही शब्दावर बोट ठेवा, उत्तर येतं. ज्याला उत्तर येत नाही ते काहीतरी अर्धवट, बिघडलेलं असणार, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिच्या बोटालाच ते कळलं होतं.

आमच्या लहानपणी घरात कोश नव्हता. शाळेत दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' होता. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सात विभाग काचेच्या कपाटात कुलपाआड उभे असत आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात असे. त्यामुळे अर्थ विचारायचा तो माणसाला. आईला विचारलं तर ती कधी अर्थ सांगत नसे, प्रसंग सांगे. 'कढत म्हणजे काय' तर "चटका बसेल पण फोड येणार नाही, इतकं." बाबांना विचारलं तर ते आधी उलट विचारत, "कुठे वाचलास?" आणि अख्खं वाक्य ऐकल्याशिवाय तोंड उघडत नसत. तेव्हा तो छळ वाटे. आता कळतं, निम्म्या वेळा वाक्य मोठ्याने वाचूनच अर्थ लागायचा.

पुण्याला परत आल्यावर मी त्या ई-रीडरच्या मागे लागलो. मूळ सॉफ्टवेअरमध्ये मराठी कोश नव्हता, म्हणून त्याच्या शेजारी केओरीडर नावाचं दुसरं वाचन-सॉफ्टवेअर बसवलं. ते फुकट आहे, खुलं आहे, आणि 'स्टारडिक्ट' नावाच्या पद्धतीत बांधलेला कुठलाही कोश वाचतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्या पद्धतीत तयार मिळाला. १८३१ साली पहिल्यांदा निघालेला आणि १८५७ साली दुसऱ्या आवृत्तीत साठ हजार शब्दांपर्यंत फुगलेला हा ग्रंथ. शिकागो विद्यापीठाने तो केव्हाच ऑनलाइन आणून ठेवला आहे. फाइल कॉपी केली, यंत्र बंद करून चालू केलं, तेच पुस्तक उघडलं, तोच शब्द दाबला.

सापडला नाही.

कारण उघड होतं, आणि ते आधी सुचलं नाही याची लाज वाटली. कोशात 'वळचण' होती, पुस्तकात 'वळचणीला' होतं. कागदी कोश बघताना आपण हा 'ला' कधी काढून टाकतो ते आपल्यालाही कळत नाही. पान उलटायच्या आधीच डोक्याने शब्द सोलून ठेवलेला असतो. यंत्राला सोलता येत नाही. अंदाजाने जवळचे शब्द दाखवायची सोय त्यात आहे, पण ती अक्षरं मोजते, आणि आपल्याकडे नुसता प्रत्यय लागून भागत नाही, मूळ शब्दच कात टाकतो. देऊळ असतं, आपण जातो देवळात. विहीर दीर्घ, पण पोहरा सोडायचा विहिरीत. जीभ तोंडात आहे तोवर ठीक, चव मात्र जिभेवर. पाण्याखालून, भावाकडचा, घोड्यावरून. आणि एकदा प्रत्यय चढायला लागले की मुंबईच्या लोकलसारखी गर्दी: 'घरासमोरच्यांनासुद्धा' हा आपल्या दृष्टीने एक साधा शब्द आहे. त्यात घर कुठे बसलंय ते यंत्राने शोधायचं कसं?

उपाय एकच होता. यंत्राला सोलता येत नसेल तर आपणच प्रत्येक शब्दाची सगळी रूपं आधी तयार करून द्यायची. स्टारडिक्टमध्ये तशी एक पुरवणी फाइल असते. 'हा शब्द आला तर त्या नोंदीकडे जा' अशा नुसत्या चिठ्ठ्या. ती फाइल भरणारा प्रोग्राम लिहायला मी एका रविवारी बसलो आणि पहिल्या ओळीपाशीच मला सहावीचा वर्ग ऐकू आला. स ला ते, स ला ना ते. ने ए शी, नी शी ई ही. ऊन हून, ऊन हून. चा ची चे, चे च्या ची. चाळीस मुलं एका सुरात, बाहेर मैदानावर वाळत घातलेलं भात, आणि गुरुजींची पट्टी टेबलावर ठेका धरतेय. यातलं एक अक्षर तेव्हा कशासाठी आहे ते कळलं नव्हतं. तीस वर्षांनी ते तसंच्या तसं, त्याच क्रमाने, कोडमध्ये उतरलं. मी टाइप करत होतो आणि ओठ हलत होते. बायको दारातून डोकावून गेली, काही बोलली नाही.

नियम लिहिणं सोपं, अपवाद पाळणं जिकिरीचं. 'लिंबू'चं लिंबाला होतं म्हणून 'काजू'चं काजाला होत नाही. 'लाडू' तर दोन्ही दगडांवर पाय ठेवून आहे, लाडवाला म्हणा की लाडूला म्हणा. क्रियापदं आणखी बेरकी. जाणे आणि गेला यांच्यात एक अक्षर सारखं नाही. महिनाभर संध्याकाळी मी हेच करत होतो.

मग अनुस्वार उपटले. मोल्सवर्थच्या काळी 'कांहीं' लिहीत, 'नाहीं' लिहीत, 'दांत', 'पांच', 'गांव' लिहीत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे हे टिंब काढून टाकले, आणि 'कवि', 'गुरु' यांना शेवटी दीर्घ केलं. माझ्या पिढीला त्याचं काही वाटलं नाही, पण त्यामुळे आजच्या पुस्तकातलं 'काही' जुन्या कोशात सापडेना. कोणता अनुस्वार बोलतो आणि कोणता मुका आहे हे प्रोग्रामला कळणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, सरसकट दोन्ही रूपं घालू, एक अनुस्वारासकट, एक त्याशिवाय. काय बिघडतंय? बिघडलं ते पुढच्या आठवड्यात कळलं. एका कथेत बिऱ्हाडकरूचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. 'भाडे' दाबलं तर पहिलं उत्तर भांड्यांचं आलं. माडीवरून कुणी रस्त्याकडे बघत होती तर यंत्र मांडीचा अर्थ सांगायला लागलं. आणि सगळ्यात बहारदार म्हणजे, 'दादासाहेब घरी आले' या वाक्यातल्या 'आले'वर बोट ठेवलं तर ओलं आलं. म्हणजे जिंजर. 'आलें'चा अनुस्वार मीच छाटला होता, आणि 'येणे'ची चिठ्ठी अजून लिहायची होती. दोन दिवस दादासाहेबांचा चहा झाला होता.

एवढं करूनही 'वळचण' सापडत नव्हती. वहिवाट सापडे, वाफा सापडे, विहीर-जीभ-घोडा सगळी मंडळी आपापल्या सामान्यरूपांसकट हजर, आणि जिच्यासाठी हा खटाटोप मांडला ती मात्र गायब. 'वळण' नाही, 'वळू' नाही, 'काळजी' नाही, 'फळा' नाही. रात्री साडेअकराला लक्षात आलं की हरवलेल्या या सगळ्यांत ळ आहे. असे कोश बघताना यंत्र पहिल्या पानापासून चाळत बसत नाही. ते मधोमध उघडतं, आपला शब्द अलीकडे की पलीकडे ते बघतं, तो अर्धा भाग पुन्हा मधोमध उघडतं. साठ हजार शब्दांत सोळाएक वेळा असं केलं की काम होतं. मात्र त्यासाठी यादी यंत्राच्या क्रमाने लावलेली हवी. मी प्रेमाने ती आपल्या वर्णमालेच्या क्रमाने लावली होती, श ष स ह ळ. यंत्र अक्षरांचा क्रम ज्यावरून ठरवतं त्या युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलेला आहे. त्यामुळे यंत्र वळचणीला व-ल च्या शेजारी धुंडाळत होतं आणि ती बिचारी व-ह च्याही पलीकडे, वर्णमालेच्या टोकाला उभी होती. एक ओळ बदलली. माझा क्रम पुसला, यंत्राचा ठेवला. 'वळचणीला' दाबलं आणि चौकटीत तीन ओळी उमटल्या.

त्या रात्री खरंतर आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ळ ला त्याच्या जागेवरून उठवून दुसरीकडे बसवताना पाहुण्याचं पान हलवल्यासारखं वाटलं, हेही खरं.

दिवाळीत यंत्र घेऊन गावी गेलो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, अक्षर मोठं करता येतं म्हणून तिला ते आवडलं होतं. तिला शब्द दाबून दाखवला. तिने चौकट बारकाईने बघितली आणि विचारलं, "हे इंग्रजीत का सांगतंय?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिला देण्यासारखं नव्हतं. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी तो कोश रचला तो मराठी शिकू पाहणाऱ्या साहेबांसाठी. त्यांच्या हाताखाली इथलेच पंडित शब्द गोळा करत होते आणि अर्थ साहेबाच्या भाषेत उतरत होता. कोश अफाट आहे, त्याच्या तोडीचं काम नंतर फार थोडं झालं, यात मला शंका नाही. पण मराठी वाचणाऱ्या बाईने मराठी पुस्तकातला मराठी शब्द मराठी घरात दाबावा आणि १८५७ सालचं इंग्रजी उत्तर वाचावं, हे तिच्या शेजारी बसून बघताना मला ओशाळल्यासारखं झालं. आई जुनी अकरावी शिकलेली आहे. तिला इंग्रजी वाचता येतं, पण उंबरा ओलांडल्यासारखं, आधी थांबून. तिने ते तीन ओळींचं इंग्रजी लावलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. पण हे बघून ज्याला वळचण माहीत नाही त्याला ती दिसणार आहे का?"

मग ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. हे ठरवून झालं नाही. ती पुस्तक वाचायची, शब्द दाबायची, उत्तर वाचून नाक मुरडायची आणि आपलं उत्तर सांगायची. पाच दिवसांत दीडशेच्या वर शब्द झाले, पुढे फोनवर आणखी. वळचण: 'पावसात काढून ठेवलेल्या चपला भिजतात ती जागा.' आठळी: 'फणस खाऊन संपल्यावर उरतो तो फणस.' पडवी: 'पाहुणा नसलेला माणूस बसतो ती जागा.' या शेवटच्या व्याख्येवर मी थोडा थांबलो. आमच्याकडे ओटीवर कुणाला बसवत आणि पडवीतूनच कुणाला चहा देऊन वाटेला लावत, हे मला आठवत होतं. चहाचे कप वेगळे असत, तेही आठवत होतं. आईला म्हटलं, हे असंच लिहू का? ती म्हणाली, "होतं तसं लिही." मी लिहिलं. हा दुसरा कोश मी यंत्रात पहिल्याच्या वर लावला, म्हणजे शब्द दाबला की आधी आई, मग मोल्सवर्थ.

या जूनमध्ये सई पुन्हा आली. उंच झाली होती, आणि ळ आता जिभेला बराच वळत होता. मी मोठ्या ऐटीत यंत्र तिच्या हातात दिलं. तेच पुस्तक, त्याच झोपाळ्यावर. तिने दाबलं, वाचलं, खुदकन हसली आणि पुढे गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा पुढे. तासाभरात तिने पंचवीस पानं वाचली, गेल्या वर्षी तेवढ्या वेळात पाच होत होती. मी खूश होतो. आई माजघराच्या दारात दोनदा येऊन उभी राहिलेली मला दिसली. पहिल्यांदा नुसती बघून गेली. दुसऱ्यांदा विचारलं, "काही अडलंय का गं?"

"नाही आजी, आहे यात."

आई "बरं" म्हणून आत गेली. सई जे वाचत होती ते आजीचंच वाक्य होतं हे मला माहीत होतं, सईलाही माहीत होतं. पण कुणाचा हात धरून कुणी कुणाला पागोळीखाली नेलं नाही. मला त्या क्षणी ते यंत्र पाण्यात टाकावंसं वाटलं असं म्हणणार नाही. वर्षभराच्या संध्याकाळी त्यात गेल्या होत्या. पण चहा घेतल्यावर मी सईला सांगितलं, जरा बंद कर ते, पाऊस थांबलाय तर अंगणात जाऊन ये.

ती गेली आणि पायरीपाशीच उकिडवी बसली. आमचं अंगण मातीचं, दिवाळीनंतर शेणाने सारवतात, पावसाळ्यात तसंच. पागोळ्या जिथे पडतात तिथे घराच्या लांबीभर खळग्यांची एक रांग तयार होते. प्रत्येक कौलाच्या खाली एक वाटीएवढा खळगा, त्यात धुऊन स्वच्छ झालेले बारीक खडे, तळाशी थोडं पाणी. ती बोटाने एकेक खळगा मोजत होती. मग ओरडून विचारलं, "आजी, याला काय म्हणतात?"

आई लगबगीने बाहेर आली. पदर खोचला, वाकून बघितलं. "याला ना..." म्हणाली, आणि थांबली. "माझी आजी म्हणायची काहीतरी. शब्द होता याला." ती मला विचारायला लागली, जसं काही मला ठाऊक असणार. सईने आत जाऊन ई-रीडर आणला, हातात धरला, आणि तिच्या लक्षात आलं की दाबायचं कशावर? "मामा, यात उलटं नाही का शोधता येत? म्हणजे मला वस्तू दिसतेय, शब्द नाहीये." मी म्हटलं, नाही. शब्दाकडून अर्थाकडे जायचाच रस्ता मी बांधलाय.

आईने दुपारी शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांना खळगा याच्या पलीकडे काही सुचेना. सड्यावरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्यांकडे निरोप गेला. त्यांनी पागोळीसाठी आणखी एक शब्द सांगितला, खळग्याचा नाही सांगितला. मी पुण्याला येऊन कोशाच्या फायलीत अर्थ मात्र लिहून ठेवला. 'पागोळ्या पडून पडून अंगणात वळचणीच्या रेषेत होणारे खळगे. यांत धुतलेले खडे असतात. मुलं ते गोळा करतात.' शब्दाची जागा कोरी सोडली आणि कोश पुन्हा बांधायला दिला. प्रोग्राम अर्ध्यावर थांबला. 'ओळ २१४: शीर्षशब्द रिकामा.' हा नियम मीच लिहिलेला होता, गेल्या वर्षी, चुकून शिरलेल्या कोऱ्या ओळी गाळायला. ती ओळ मी कापून वेगळ्या फायलीत ठेवली आहे. त्या फायलीत सध्या तेवढी एकच नोंद आहे.

सई ऑगस्टमध्ये परत गेली. मध्ये दोनदा तिने तिकडून आजीला व्हिडिओ कॉलवर विचारलं. परवा रात्री दहाला आईचा फोन आला. एवढ्या उशिरा कधी करत नाही, म्हणून मी घाईने उचलला. ती म्हणाली, "अरे, त्याच्या शेवटी ळी आहे. एवढं आठवलंय."

"आणि आधी?"

"थांब ना. अगदी जिभेवर आहे."